निकालाचा आकडा आणि वहीचं पान

*ताई, आमची मुलगी यंदा पहिलीत जाईल. घरापासून चालत दहा मिनिटांवर सरकारी प्राथमिक शाळा आहे. मला ती आवडेल असं वाटतं, पण शाळांच्या यादीत तिचा निकाल सरासरीपेक्षा खाली दिसतो. जाऊबाईंची मुलं तासभर बसने लांबच्या खासगी शाळेत जातात. त्या म्हणतात, "परवडतंय तर सरकारी शाळेत कशाला?" नवरा म्हणतो, "तू ठरव, मला सगळं चालेल." प्रवेशाला महिना उरलाय. शाळा कशी आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? की पैसे वाचवण्यासाठी मी मुलीवर प्रयोग करतेय?*
*– द्विधेतली आई*

प्रिय द्विधेतल्या आई,

"आवडेल असं वाटतं" लिहिलं आहेस, म्हणजे तू अजून त्या शाळेच्या फाटकातून आत गेलेली नाहीस. यादी पाहिलीस, जाऊबाईंचं ऐकलंस, आता मला विचारते आहेस. या तिघांपैकी कुणीही तिथल्या पहिलीच्या वर्गात बसलेलं नाही.

आधी त्या यादीचं बघू. अमेरिकेत 1966 साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा एक मोठा अहवाल आला. सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली होती. मुलांच्या गुणांमधला फरक इमारती आणि सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे, असं त्यात दिसलं. त्यावर वाद भरपूर झाले, पण एवढं मात्र पक्कं बसलं की निकालाच्या आकड्यात शाळेचं काम किती आणि घरचं किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ज्या घरात आधीच पुस्तकं आहेत, शिकवणी लावायची ऐपत आहे, तिथली मुलं ज्या शाळेत जातात तिचा निकाल वर दिसणारच. म्हणून विचारायचं ते असं, की इथे येणारी मुलं वर्षाच्या सुरुवातीला कुठे होती आणि शेवटी कुठे पोचली? काही ठिकाणी ही प्रगतीही वेगळी मोजतात. तुझ्याकडे तशी माहिती मिळत असेल तर ती बघ. मिळत नसेल तर यादी मिटून ठेव आणि शाळेत जा.

जाताना पालकांसाठी ठेवलेला खास दिवस टाळ. त्या दिवशी फलक नवे असतात आणि मुलांना काय बोलायचं ते पाठ असतं. मुख्याध्यापकांना फोन करून सरळ सांग, "मला एखाद्या साध्या दिवशी अर्धा तास मागे बसायचंय." नियमांमुळे कुठे वर्गात बसू देत नाहीत, ते समजण्यासारखं आहे. पण फोनवर मिळालेल्या उत्तराचा सूर नीट ऐक. "या वारी नको, त्या वारी या" हे एक, आणि "कशासाठी हवंय तुम्हाला?" हे दुसरं.

आत गेलीस की वह्या माग. भिंतीवरची चित्रं नकोत, ती मोठ्यांनी चिकटवलेली असतात. दुसरीतल्या तीन वह्या पुरे: एक हुशार मुलाची, एक मधल्याची, एक मागे पडलेल्याची. तिसरी काढून देताना बाई अवघडल्या तर त्यातूनही काही कळतं. वहीत लाल शाईच्या बरोबरच्या खुणा मोजत बसू नकोस, एखादी चूक पकड. समजा मुलगा बेरजेत हातचा घ्यायला विसरलाय. आता पंधरा दिवस पुढची पानं उलट. तीच चूक तशीच असेल आणि खाली फक्त सही असेल, तर त्या वर्गात वह्या तपासतात पण वाचत नाहीत. मध्ये कुठे बाईंनी शेजारी एक उदाहरण सोडवून दाखवलेलं दिसलं आणि पुढच्या पानावर हातचा जागेवर आला असेल, तर ही शाळा शिकवते. मग यादीत ती कुठेही असो.

वाचनाचं मात्र स्वतःच्या कानांनी ऐक, कारण इथे मी स्वतः फसले आहे. माझ्या मुलासाठी मी शाळा निवडली ती रंगीत भिंती आणि सुंदर वाचनकोपरा बघून. दुसरीपर्यंत तो गोष्टीची पुस्तकं धडाधड वाचायचा आणि मी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. एकदा सहज चित्रावर हात ठेवला, तर गाडी थांबली. पोराला चित्र बघून अख्खी गोष्ट पाठ होती. जोडाक्षर आलं की तो अंदाजाने ठोकून द्यायचा, आणि दोन वर्षं हे शाळेच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 साली वाचन शिकवण्याचा अभ्यास मांडला. अक्षर आणि आवाज यांचं नातं क्रमाने, ठरवून शिकवलं की मुलांना फायदा होतो, असा त्याचा एक निष्कर्ष होता. मला तो आधी माहीत असता तर दोन वर्षं वाचली असती. तर पहिलीच्या बाईंना विचार, "वाचायला कसं शिकवता? कुठून सुरू करता?" त्यांना आपली पद्धत तुला साध्या शब्दांत सांगता यायला हवी. "मुलांना आपोआप येतं" हे उत्तर मिळालं तर सावध हो.

त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न मुख्याध्यापकांसाठी राखून ठेव: "गेल्या वर्षी पहिलीच्या शेवटी ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांचं काय केलंत?" तुझी लेक हुशार असली तरी हे विचार, कारण प्रत्येक मूल कधी ना कधी कशात तरी मागे पडतं. चांगल्या शाळेत या प्रश्नाला आकड्यात उत्तर येतं: इतकी मुलं होती, रोज अमुक वेळ वेगळं बसवलं, इतकी सावरली, दोन अजून अडकली आहेत. ती अडकलेली दोन मुलं आपणहून सांगणारा मुख्याध्यापक मला फार आवडतो. "आमच्याकडे अशी मुलं नाहीत" असं ऐकलंस तर पुढचं काही विचारू नकोस.

पटाचंही बघ. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं एक प्रयोग झाला. त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं 13 ते 17 च्या लहान वर्गांत आणि 22 ते 25 च्या नेहमीच्या वर्गांत वाटली होती. लहान वर्गांतली मुलं पुढे राहिली. म्हणजे कोवळ्या वयात पट महत्त्वाचा. तरी चाळिसातही प्रत्येकाचं नाव घेऊन बोलणाऱ्या बाई असतात आणि वीस मुलांतही फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या असतात. शिवाय गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक बदलून गेले तेही विचार.

स्वच्छतागृह बघितल्याशिवाय निघू नकोस. मोठ्यांचं नाही, मुलांचं. पाणी आहे का, कडी लहान हाताला पोचते का? घाणीमुळे दिवसभर पाणी न पिणारी मुलं मी पाहिली आहेत. शाळा सुटताना फाटकाजवळ उभी राहा आणि तिसरी-चौथीतल्या मुलांच्या पालकांशी बोल. पहिलीचे पालक अजून कौतुकात असतात.

आता जाऊबाई. त्यांनी निवड केली आहे, रोज दोन तासांचा प्रवास आणि भरपूर फी मोजताहेत. तू दुसरी वाट धरलीस तर त्यांना आपलं चुकलं की काय असं वाटू शकतं, म्हणून त्या जरा जोरात बोलतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण त्यांच्या शाळेलाही हेच प्रश्न विचारून बघ, न्याय दोन्हीकडे सारखा. कदाचित ती खरंच उत्तम निघेल. तरीही सहा वर्षांच्या पोरीचे रोजचे दोन तास बसमध्ये जाणार, हे हिशोबात धर.

प्रयोगाचं म्हणशील, तर न बघता घातलं तर तो प्रयोग, मग शाळा फुकटची असो की महागडी. पैसे वाचले तर त्याची लाजही बाळगू नकोस.

आणि "मला सगळं चालेल" म्हणणाऱ्या नवऱ्याला सोबत ने. तू वह्या बघ, त्याला मागच्या बाकावर बसव आणि बाई किती वेगवेगळ्या मुलांना बोलतं करतात ते मोजायला सांग. उद्या काही बिनसलं तर "तूच ठरवलंस" म्हणायची सोय त्याला ठेवू नकोस.

सोमवारी फोन कर. पुढचं पत्र शाळेबद्दल लिही, जाऊबाईंबद्दल नको.

– तुझी ताई