जांभळ्या मक्याच्या मुरघासाचा दुभत्या जनावरांना वेगळा लाभ होतो का?

जांभळ्या मक्याचा मुरघास (हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेला हिरवा चारा) केल्यास त्यातील रंगद्रव्य टिकते का आणि दुभत्या जनावरांना त्याचा वेगळा लाभ होतो का, असे आपण विचारले आहे. रंगद्रव्य बऱ्याच अंशी टिकते. लाभ मात्र मुरघास चांगला साधला तरच पदरी पडतो, असे माझे मत आहे.

हा रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांचा असतो. ती दाण्याखेरीज कणसाच्या गाभ्यात, वरच्या पानांत आणि काही वाणांच्या ताटातही असल्यामुळे नुसते दाणे भरडून घालण्यापेक्षा सबंध झाडाची कुट्टी केलेली बरी. आम्लात ही द्रव्ये तग धरतात, हवा आणि उष्णता लागली की नासतात. चांगल्या मुरघासाचा सामू (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ३.८ ते ४.२ च्या आसपास असतो आणि आत हवा नसते, म्हणून तो त्यांना मानवतो.

खरी गोम कापणीच्या वेळेत आहे. पहिल्या खेपेस मी घाईने, दाणा पुरता चिकात असतानाच मका कापला आणि खड्ड्याच्या तोंडाशी झिरपलेले गर्द लाल पाणी पाहून, रंग किती उतरला आहे म्हणून खूशही झालो; प्रत्यक्षात पाण्यात विरघळणारे ते रंगद्रव्य आणि आंबवणीला लागणारी साखर दोन्ही वाहून चालले होते. आता झाडातील शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, ३० ते ३५ टक्के झाल्यावरच कापतो. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडली की गोळा सावकाश सुटावा, तळहात ओलसर व्हावा, पण बोटांच्या फटींतून पाणी गळू नये.

गाई आणि शेळ्यांवरील काही प्रयोगांत असा मुरघास दिल्यावर रक्तातील सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या, पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रूप निकामी करणाऱ्या विकराची क्रिया वाढलेली आढळली, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण सोसण्याची शक्ती सुधारते असे म्हणता येते. केवळ या रंगाच्या जोरावर दूध भरघोस वाढेल, ही अपेक्षा मात्र मी ठेवणार नाही. (दूध जांभळे होते का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो; तसे होत नाही.) त्यामुळे जांभळ्या वाणाचा हिरवा चारा नेहमीच्या वाणापेक्षा बराच कमी निघत असेल, तर मी नेहमीचाच वाण लावेन.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गडद कुट्टीत निळसर बुरशी चटकन नजरेस पडत नाही, म्हणून खड्डा उघडल्यावर रोज हात घालून ऊब पाहावी, वास घ्यावा आणि कोंदट वासाचा भाग बाजूला काढावा.