वरच्या मजल्यावरच्या वाय-फायसाठी 9 डीबीआयचे (डीबीआय हे अँटेनाच्या गेनचे माप) अँटेना घ्यावेत का?
नका घेऊ, पैसे वाया जातील. काठीसारखा उभा अँटेना जास्त गेनचा (म्हणजे ठरावीक दिशांना सिग्नल जास्त एकवटणारा) घेतला म्हणून शक्ती वाढत नाही. भाकरी थापल्यासारखा सिग्नल आडवा पसरतो आणि वर-खाली उलट कमी पडतो. ॲक्सेस पॉइंटसोबत (वाय-फाय देणाऱ्या डब्यासोबत) आलेलेच ठेवा, त्यातला एक आडवा करून वर मोबाइलवर रेंज बघा. बराच फरक पडतो.

बदलायचेच असतील तर आधी अँटेना बसतो त्या सॉकेटमध्ये डोकावा. बाहेरून आटे आणि मधोमध पिन दिसली तर ते आरपी-एसएमए, म्हणजे एसएमए या अँटेना कनेक्टरचा उलट पिनचा प्रकार. साध्या एसएमएचा अँटेना त्यावर आट्यांत बसतो खरा, पण आत पिनवर पिन आदळते, तेव्हा जोर लावू नका. नेहमी हातानेच आवळा, पाना नको.

एक्स्टेंशन केबलही टाळा: आरजी-58 जातीच्या केबलचे 3 मीटर वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडला जवळपास निम्मी शक्ती खातात.