एकट्याने शिडाची बोट चालवायची तर दोऱ्यांची काय व्यवस्था करावी?

तुम्ही लिहिलंय की बोट २० फुटी आहे, सोबतीला कोणी मिळत नाही आणि शीड वर-खाली करायला टिलर (सुकाणूचा दांडा) सोडून मास्टपाशी (डोलकाठीपाशी) जायची धास्ती वाटते. मुंबई हार्बरमध्ये मी बरीच वर्षं अशीच बोट एकटा चालवतोय, म्हणून सांगतो.

जो तो शीड चढवायची सोय आधी बघतो, तुम्ही उतरवायची बघा. सकाळी वारा मंद असतो, शीड आरामात चढतं, पण दुपारनंतर पश्चिमेचा खारा वारा भरतो आणि नेमकं तेव्हाच परतायचं असतं. एकदा हार्बरमधल्या मिडल ग्राउंड बेटाच्या पुढे मी जिब (पुढचं शीड) उतरवायला नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) गेलो, टिलर मोकळा, बोट भलतीकडे वळली, त्यात एका फेरीची लाट आली आणि गुडघ्यावर आपटलो, एका हातात फोरस्टे (मास्टपासून नाळेपर्यंत ताणलेली तार) धरलेला, दुसऱ्यात फडफडणारं शीड, आणि बोट कुठे चाललीय ते बघायला कोणीच नाही. त्याच आठवड्यात डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ओढायची दोरी, बसवला. ५ मिमीची दोरी जिबच्या वरच्या टोकाला बांधायची, दोन-तीन हँक्समधून (शीड फोरस्टेला अडकवणाऱ्या कड्यांमधून) खाली आणायची, नाळेवर छोटा ब्लॉक (कप्पी) लावून तिथून सरळ कॉकपिटमध्ये, म्हणजे आपण बसतो तिथे. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) सोडला, ही ओढली, शीड खाली. फर्लर (जिब फोरस्टेभोवती गुंडाळणारं साधन) असेल तर हे लागत नाही, पण तो महाग पडतो.

मग हॅलयार्ड मास्टच्या पायथ्याच्या ब्लॉकमधून मागे आणा, केबिनच्या छतावर क्लच (दोरी पकडून ठेवणारी कळ) लावा. प्रत्येक वळणाला दोरी जड होते आणि खारं पाणी सुकलं की अजूनच, त्यामुळे वळणं कमीत कमी ठेवा आणि ब्लॉक बॉलबेअरिंगचे घ्या, इथे पैसे वाचवू नका. रीफ घेताना, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करताना, हॅलयार्ड कुठवर सोडायचा तिथे रंगीत दोऱ्याची खूण शिवून ठेवा.

मेनशीट (मुख्य शीड आवळायची-सैल करायची दोरी) जागेवरून न उठता, एका झटक्यात सुटलीच पाहिजे. वाऱ्याच्या बाजूला बसून करून बघा, उठावं लागलं तर क्लीटची (दोरी अडकवायच्या खाचेची) जागा किंवा कोन बदला. नौदलाचे दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परतले ती म्हादेई ही शिडाची बोट ५६ फुटांची होती, तुमची तर २०चीच आहे, सगळं हाताशी आणणं नक्की जमेल.

टिलरला दोन्ही बाजूंनी बंजी (ताणणारी रबरी दोरी) बांधली की अर्धा-एक मिनिट हात मोकळे होतात. जास्त वेळ हवा तर हीव्ह-टू करा, म्हणजे जिबशीट (जिब आवळायची दोरी) न सोडता टॅक मारायचा (नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवायची), मेन (मुख्य शीड) ढिली सोडायची आणि टिलर वाऱ्याखालच्या बाजूला (वारा जातो त्या बाजूला) बांधायचा, बोट बऱ्यापैकी शांत होते आणि हळूहळू वाहत राहते. आपल्याकडे उधाणाला ओढ जबरदस्त असते, म्हणून वाऱ्याखाली भरपूर मोकळं पाणी बघूनच हे करायचं. आधी हलक्या वाऱ्यात चार-पाच वेळा करून बघा.

आणि लाइफ जॅकेट तर घालाच, पण हार्नेसचा पट्टाही बोटीला अडकवलेला हवा, कारण तुम्ही पडलात तर बोट वळवून आणायला मागे कोणी नाही. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर फोनमध्ये ठेवा, फोन वॉटरप्रूफ पिशवीत, आणि पिशवी अंगावर, केबिनमध्ये नाही.