नवे टायर टाकले आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, टायरवाल्यावर केस करता येईल का?

सांगलीच्या एका ताईंचा मेल आलाय, बराच लांब आहे म्हणून थोडक्यात सांगतो. मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या तेव्हा तिथेच हॅचबॅकला चार नवे टायर टाकून घेतले, बिल २२,४०० चं. येताना हायवेला लागल्यापासून गाडी डावीकडे ओढते, ऐंशीच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतं. दुकानदार फोनवर म्हणतो तुमचं सस्पेन्शन गेलंय, कंपनीचे कस्टमर केअरवाले म्हणतात दुकानदाराला विचारा, आणि बिलाखाली छापलंय 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि 'पुणे न्यायक्षेत्र'. केस करू का, आणि पुण्याला खेपा माराव्या लागतील का, असे दोन प्रश्न आहेत.

ताई, खेपांचं आधी सांगून टाकतो. नाही माराव्या लागणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कोर्टात, तक्रार करता येते, म्हणजे तुमची सांगलीत होईल. बिलावर 'पुणे न्यायक्षेत्र' छापलंय म्हणून हा हक्क जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते.

माल परत न घेण्याच्या ओळीला तर अजिबात भिऊ नका. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीच याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. पण यात एक शब्द महत्त्वाचा, 'सदोष'. आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे.

गाडी ओढते हे खरं, पण दोष टायरचा, बसवणाऱ्याचा का तुमच्या गाडीचाच? टायरचा असेल तर तो मालातला दोष, मग दुकानदार आणि कंपनी दोघांना पार्टी करायचं. बसवण्यात चूक असेल तर ती सेवेतली त्रुटी, कंपनीचा संबंध नाही, नुसता दुकानदार. आणि खरंच सस्पेन्शन असेल तर कुणीच नाही, गॅरेजला पैसे घालायचे. आयोगासमोर 'गाडी नीट चालत नाही' एवढंच लिहून नेलं तर समोरचा वकील पहिल्या तारखेलाच विचारणार की टायर सदोष असल्याचा पुरावा काय, आणि तिथे केस ढेपाळते.

तुम्ही पाठवलेले फोटो मात्र मी झूम करून बघितले आणि त्यात काम होण्यासारखं सापडलंय. पुढच्या उजव्या टायरवर बाहेरून 'आउटसाइड' असं लिहिलेलं स्पष्ट दिसतं, डाव्यावर ते दिसतच नाही, म्हणजे तो टायर बहुतेक उलटा बसवलाय, आतली बाजू बाहेर. आधी आतल्या बाजूला ते लिहिलंय का बघून फोटो काढा. असेल तर ही सरळ फिटिंगची चूक, त्याला एक्स्पर्ट पण लागत नाही, फोटो बोलतो. दुसरं, तीन टायर ताजे आहेत पण चौथ्याच्या तारखेचे चार आकडे ११२२, म्हणजे २०२२ सालच्या अकराव्या आठवड्यातला. नुसता जुना म्हणून टायर सदोष ठरत नाही, पण 'फ्रेश स्टॉक' सांगून विकला असेल आणि तसा एखादा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर जपून ठेवा. तिसरं, बिलात अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे (म्हणजे चाकांचा कोन आणि वजनाचा तोल जुळवण्याचे) ७५० रुपये लावलेत, मग मशीनची प्रिंट कुठाय? लेखी मागा. नाही दिली तर अलाइनमेंट केलीच नाही असं म्हणायला आपल्याला जागा मिळते.

आता सांगलीतल्या दुसऱ्या कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडे जा, पण हात लावायच्या आधी नंबर प्लेट दिसेल असा व्हिडिओ काढा. हवा थंड टायरमध्ये मोजायला सांगा आणि दाराच्या स्टिकरवर लिहिलेल्या हवेच्या आकड्याशी ताडून बघा, बसवताना जास्त भरलेली हवा तशीच ठेवून गाडी सोडणारे पुष्कळ आहेत. थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते. ओढण्यासाठी मेकॅनिक लोकांची एक साधी युक्ती आहे, उलटा टायर सरळ करून घ्यायचा आणि मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून गाडी चालवायची. ओढ आता उजवीकडे गेली तर टायरच दोषी, डावीकडेच राहिली तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बघायचं. हे सगळं त्याच्याकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या, किलोमीटर रीडिंग टाकून. आयोगाला वाटलं तर कलम ३८ खाली टायर लॅबला पाठवता येतो, त्याची फी तक्रारदाराला भरावी लागते, पण हा कागद असला की बऱ्याचदा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

आणि कृपा करून 'बघू पुढच्या महिन्यात' करत तशीच गाडी पळवू नका. कायद्याने दोन वर्षं मुदत आहे हे खरं, पण टायर तोवर थांबत नाही, एका बाजूने झिजला की दुकानदार म्हणणार तुम्हीच वाट लावली. शिवाय पावसात धोका आहे तो वेगळाच. टायर बदलावाच लागला तर काढलेला टायर घरी आणून ठेवा, दुकानात सोडू नका, तो तुमचा मुद्देमाल आहे.

रिपोर्ट हातात आला की दुकानदाराला नोटीस, टायरचाच दोष निघाला तर कंपनीलाही, स्पीड पोस्टने आणि मेलवर, पंधरा दिवसांची. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, बरेच दुकानदार तिथेच नरमतात. मानसिक त्रासाचे पाच लाख मागा असं कुणी सुचवेल, पण बावीस हजारांच्या बिलावर तसं मागितलं की आपलीच बाजू हलकी दिसते. त्या २०२२ च्या टायरची बदली, फिटिंगचा खर्च, तपासणीचे पैसे आणि माफक भरपाई मागा. टेस्टिंग नसेल तर तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात.

माझा अंदाज, नोटीस गेल्यावर दुकानदार 'या, एक टायर बदलून देतो' म्हणेल. जा, बदलून घ्या, नव्या टायरची तारीख तिथेच वाचा आणि अलाइनमेंटची प्रिंट घेऊनच निघा. फक्त तो ज्या कागदावर सही मागेल त्यात 'फुल अँड फायनल' किंवा 'कुठलीही तक्रार राहिलेली नाही' असं काही असेल तर गाडी चालवून बघायच्या आधी सही करू नका.