गाडीच्या हेडलाइटमधल्या एच४ हॅलोजन बल्बच्या जागी जास्त उजेडाचे पांढरे बल्ब बसवू का?

पांढरा दिसतो म्हणजे उजेड जास्त, असं नसतं. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका रंग पांढरा; साधा हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास असतो. ५००० केल्विनवाल्या बल्बवरचा निळा लेप उलट थोडा उजेड खातो, आणि पावसाळी घाटात तर ओला रस्ता धड दिसतच नाही.

मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा (हाय बीम/लो बीम). १००/९० लावायचा तर रिले (बल्बला बॅटरीतून थेट वीज जोडणारा स्विच) आणि जाड वायरिंग हवंच, नाहीतर होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबू नका; समोरच्याचे डोळे दिपतात.

मी आधी हेडलाइटचं धुरकट झालेलं कव्हर पॉलिश करून घेईन, अर्थिंग आणि बल्बपर्यंत पोचणारं व्होल्टेज तपासेन. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. बल्ब घेतलाच तर ६०/५५ मध्येच, बिनलेपाचा. बसवताना काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने तो लवकर जातो.