वाचकांचे प्रश्न : परिषदेचा निर्णय आणि सदस्यांचा अधिकार

प्रश्न : माझ्या दुकानाचे संकेतस्थळ '.भारत' या नावाखाली आहे. अशा देशवाचक नावांची जागतिक धोरणे इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेतील सीसीएनएसओ ही संघटना ठरवते आणि तिच्या परिषदेचा निर्णय सदस्य अडवू शकतात, असे वाचनात आले. तसे असेल तर परिषद निवडायचीच कशाला? आणि या सदस्यांमध्ये आमच्यासारखे वापरकर्ते येतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गृहनिर्माण संस्थेत कार्यकारी समिती आणि सर्वसाधारण सभा यांच्यात जो ताण असतो, तोच इथे आहे; फरक इतकाच की इथले सभासद जगभर विखुरलेले आहेत आणि त्यांना दर महिन्याला एकत्र बसवता येत नाही. म्हणूनच २००४ मध्ये ही संघटना अस्तित्वात आली तेव्हापासून परिषद १८ जणांची आहे. पाच भूप्रदेशांतील सदस्य प्रत्येकी तीन प्रतिनिधी निवडतात आणि उरलेले तिघे आयकॅनच्या नामनिर्देशन समितीकडून येतात, म्हणजे त्या तिघांना सदस्यांनी निवडलेले नसते. सदस्यांनी काही अधिकार स्वतःकडे राखून ठेवण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

राखून ठेवलेला पहिला अधिकार धोरणांबाबत आहे. एखाद्या धोरणाला परिषदेतील किमान १४ जणांनी पाठिंबा दिला, तरी ती केवळ परिषदेची शिफारस ठरते. तिच्यावर सदस्यांचे मतदान होते आणि पडलेल्या मतांपैकी ६६ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल असतील तरच ती आयकॅनच्या संचालक मंडळाकडे जाते. एखाद्या देशाचा दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत रद्द झाल्यावर त्याचे डोमेन कसे बंद करावे, याचे धोरण याच वाटेने गेले. मात्र पहिल्या फेरीत निम्म्या सदस्यांनीही मतदान केले नाही, तर किमान ३० दिवसांच्या सूचनेनंतर दुसरी फेरी होते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. सदस्य उदासीन राहिले तर मोजक्या मतांवर परिषदेचेच म्हणणे टिकते. या रचनेतील सर्वांत कच्चा दुवा मला हाच दिसतो.

दुसरा अधिकार रोजच्या कारभारातील निर्णयांचा. २००४ च्या नियमांनुसार परिषदेचा निर्णय प्रसिद्ध झाल्यावर सात दिवसांत दहा टक्के सदस्यांनी मागणी केली, तर तो सर्व सदस्यांच्या मतास टाकावा लागे. सदस्यांनी प्रत्येक निर्णय घेण्यापेक्षा हवा तो निर्णय थांबवण्याची मुभा राखणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्यामुळे परिषदेला काम करता येते आणि तिला आपल्या निर्णयाची कारणेही वेळेवर मांडावी लागतात.

२०१६ मध्ये अमेरिकी सरकारने इंटरनेटच्या नावव्यवस्थेवरील आपली देखरेख सोडली, तेव्हा मात्र ही सात दिवसांची मुदत अडचणीची ठरू लागली. नव्या उपविधींनुसार आयकॅनचे अंदाजपत्रक फेटाळण्यासारखे अधिकार पाच घटकांच्या समुदायाला मिळाले आणि सीसीएनएसओ त्यांपैकी एक आहे. असे काही फेटाळण्याची मागणी करणारा अर्ज एखाद्या घटकाकडे येऊन स्वीकारला जाण्यासाठी २१ दिवसांची मुदत असते आणि दुसऱ्या एका घटकाचा पाठिंबा मिळवण्यासाठी त्या मुदतीनंतर आणखी सातच दिवस मिळतात. त्यातून सदस्यांच्या हरकतीसाठी आठवडा वगळला, तर परिषदेला विचार करायला फारसा अवकाश उरत नाही. तरीही घाईचे कारण देऊन सदस्यांचा आठवडा कापण्यापेक्षा परिषदेने आपली चर्चा लवकर सुरू करावी, असे माझे मत आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. सदस्यत्व नावांची नोंदवही चालवणाऱ्या व्यवस्थापकांसाठी असते, '.इन' आणि '.भारत' यांच्या बाबतीत तो व्यवस्थापक म्हणजे 'निक्सी', अर्थात नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया. सामान्य वापरकर्त्यांची बाजू मांडण्यासाठी आयकॅनमध्ये 'अ‍ॅट-लार्ज' सल्लागार समिती वेगळी आहे. '.भारत'चे शुल्क किंवा नोंदणीतील तक्रार हे विषय सीसीएनएसओच्या कक्षेत येतच नाहीत. त्यांसाठी आधी ज्या कंपनीमार्फत नाव नोंदवले तिच्याकडे आणि नंतर निक्सीकडेच जावे लागेल.