बागेतले प्रश्न : निळ्या गुलाबाचं बी

मॅडम, नमस्कार. लेकीच्या हट्टापायी ऑनलाइन 'निळ्या गुलाबाचं बी' मागवलं. उगवलं ते गुलाबासारखं दिसतसुद्धा नाही. पण शास्त्रज्ञांनी निळा गुलाब केलाय असंही ऐकतो. खरं काय?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

पैसे गेले म्हणा आणि ती रोपं उपटून टाका. निळा गुलाब खरंच असता तरी कुणी तो बियांतून विकला नसता. संकरित गुलाबाचं बी पेरलं तर आईसारखं फूल येईल याची खात्री नसते, म्हणून तर आपले नर्सरीवाले खुंटावर डोळा भरतात, म्हणजे हव्या गुलाबाचा अंकुर दुसऱ्या गुलाबाच्या रोपावर बसवतात. आणि फुलवाल्याकडे लग्नसराईत दिसतो तो गर्द निळा गुलाब? पांढरी फुलं रंगाच्या पाण्यात ठेवून केलेला. देठाचा काप आणि पाकळीच्या शिरा नीट बघा, कळून येतं.

आता शास्त्रज्ञांचं. बऱ्याच फुलांत निळेपणा येतो तो डेल्फिनिडिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. ते बनवायला एक विशिष्ट एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) लागतं, आणि गुलाबाकडे तेच नाही. हजार संकर केले तरी, जे आईकडे नाही आणि बापाकडेही नाही ते पोरात यायचं कुठून? म्हणून जपानची सनटोरी आणि ऑस्ट्रेलियाची फ्लोरिजीन या कंपन्यांनी पॅन्सी या फुलझाडाचं जनुक गुलाबात घातलं. २००९ मध्ये 'अप्लॉज' या नावानं तो गुलाब जपानात विक्रीला आला. डेल्फिनिडिन पाकळीत भरपूर तयार झालं. फूल मात्र फिकट जांभळं! जाहिरातीत त्याला निळा म्हणतात. मी म्हणणार नाही.

असं का झालं ते लेकीला घरीच दाखवा. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची मूठभर फुलं कपभर गरम पाण्यात टाका. पाणी निळं झालं की फुलं गाळून घ्या आणि वरून लिंबू पिळा. थेंब पडतो तिथून पाणी जांभळं व्हायला लागतं आणि लिंबू पिळत गेलात तर गुलाबीकडे झुकतं. रंगद्रव्य तेच, बदलला फक्त आंबटपणा. गुलाबाच्या पाकळीतल्या पेशींचा रस असाच आंबट असतो. जनुक आणून बसवलं, पण त्याला राहायला जागा मिळाली ती आंबट रसात.

मग आपल्या चुनखडीच्या, आंबट नसलेल्या जमिनीत हा गुलाब लावला तर निळा होईल का, हा प्रश्न मला आधी एकदा येऊन गेलाय. नाही होणार. मातीच्या सामूनं (म्हणजे ती किती आंबट यावरून) रंग बदलतो तो हायड्रेंजिया या फुलझाडाचा, आणि तोही मातीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे. गुलाबाची पानं तेवढी पिवळी पडतील.

खरी निळी झाली ती शेवंती, २०१७ मध्ये, जपानमध्येच. तिच्यात दोन जनुकं घातली. एक कॅम्पॅन्युला या घंटेसारख्या फुलांच्या झाडाचं, डेल्फिनिडिनसाठी. आणि दुसरं चक्क आपल्या गोकर्णाचं! त्यानं रंगद्रव्याला साखरेचे जादा रेणू जोडले, आणि शेवंतीत मुळातच असलेल्या फ्लेव्होन नावाच्या बिनरंगी द्रव्याशी त्याची जोडी जमून निळा उमटला. ज्या वेलाकडे आपण ढुंकून बघत नाही, त्याचं जनुक तिथं कामाला आलं.

आम्ही शेवंती करतो. कृषी प्रदर्शनात एक जण 'मार्करनं निवडलेला वाण' सांगत होता. यात जनुक बदललेलं असतं का? घरच्या काश्या (झाडाच्या बुडातून फुटणारे फुटवे) पुढं लावल्या तर चालतं का?
– एक शेतकरी, मोहोळ तालुका

बदललेलं नसतं. संकर नेहमीसारखाच करतात, फरक फक्त निवडीत. सोलापुरात कुणाचं घर सांगायचं तर आपण चार हुतात्मा पुतळ्यांपासून सुरुवात करतो. घर दिसत नाही, पण पुतळे दिसतात. डीएनएवरची मार्कर ही तशी खूण. हव्या त्या जनुकाच्या अगदी शेजारी ती असली, की खूण सापडली म्हणजे जनुकही बहुधा तिथंच. रोप चार पानांचं असताना नखाएवढा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, खूण असेल तर रोप ठेवायचं, नसेल तर टाकायचं. फूल लागण्याची किंवा रोग पडण्याची वाट बघत बसायला नको.

जपानमध्ये कार्नेशनला जीवाणूमुळे होणाऱ्या मर रोगावर असंच काम झालं. प्रतिकारशक्ती रानटी जातीतून आणली आणि खुणा बघत बघत 'कॅरेन रूज' हा वाण तयार केला. मला विचाराल तर निळ्या फुलापेक्षा हे काम मोठं. रंग बघून गिऱ्हाईक एकदा घेईल. मर लागली तर मार्केट यार्डात न्यायला फूलच उरत नाही.

शेवंतीत मात्र हे जड जातं. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे (जनुकं ज्यावर असतात त्या धाग्यांचे) दोन नव्हे, सहा संच असतात, साधारण ५४ गुणसूत्रं. शिवाय स्वतःच्या परागानं सहसा बी धरत नाही. म्हणून कोणती खूण कोणत्या गुणाची, हे जुळवणं अवघड. तेव्हा त्या विक्रेत्याला एवढंच विचारा : मार्कर कोणत्या गुणासाठी वापरली? उत्तर फिरवाफिरवीचं आलं तर जादा पैसे मोजू नका.

काश्यांचं म्हणाल, तर २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं तुम्हाला स्वतःच्या शेतातलं बियाणं राखायला, लावायला, अदलाबदल करायला आणि विकायलाही मुभा आहे. काश्या त्यात आल्या. फक्त संरक्षित वाणाच्या काश्या त्याच्या ब्रँडच्या नावानं विकायच्या नाहीत.

गॅलरीतली नारिंगी पेटुनिया जीएम (जनुक बदललेली) असते का? घरात लहान मूल आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

तुमची आहे की नाही हे नुसतं रंगावरून कळत नाही, डीएनए तपासावा लागतो. शंका मात्र हवेतली नाही. १९८७ मध्ये जर्मनीत मक्याचं जनुक घालून विटकरी-नारिंगी पेटुनिया केली होती. पुढं २०१७ मध्ये युरोप-अमेरिकेत नर्सऱ्यांतून विकली जाणारी काही नारिंगी पेटुनिया जीएम निघाली, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आणि रोपांचे ढीग नष्ट करावे लागले. कारण परवानगी नव्हती, विषारी होती म्हणून नव्हे. आपल्याकडेही अशा रोपाला केंद्राची मंजुरी लागते. बाळ पानं तोंडात घालत असेल तर कुंडी उंच ठेवा. नर्सरीतून आलेल्या रोपावर फवारणीचं औषध असण्याची भीती मला जनुकापेक्षा जास्त वाटते.